पिट्सबर्गची केंद्रे

२ नोव्हेंबर १९२०. वेस्टिंगहाउस कारखान्याच्या गच्चीवरील खोपटातून केडीकेए या रेडिओ केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीच्या हार्डिंग-कॉक्स लढतीचे निकाल प्रक्षेपित केले. वृत्तपत्राच्या कचेरीतून आकडे फोनवर येत, निवेदक लिओ रोझेनबर्ग ते लगेच वाचत. छापील अंकाआधी निकाल घरात पोचला, ही केवढी मोठी गोष्ट! (मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची नावे सहसा ‘डब्ल्यू’ने सुरू होतात, केडीकेए हा ठळक अपवाद.)

पिट्सबर्गमध्ये दूरचित्रवाणी १९४९ साली आली. पण शहराने अभिमान बाळगावा तो डब्ल्यूक्यूईडीचा. लोकवर्गणीच्या बळावर हे शैक्षणिक केंद्र १९५४ मध्ये सुरू झाले. इथेच फ्रेड रॉजर्स मुलांच्या कार्यक्रमात पडद्यामागून हातबाहुल्यांना बोलते करत. १९६८ पासून त्यांचा स्वतःचा कार्यक्रम देशभर दिसू लागला.