धावणं, दाखले आणि रजा

पहाटे 4.30. वणीत या वेळी रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात आणि भरतीची पोरं. शिटीआधी हजेरी घेतो. फौजेतून निवृत्त झालो, तेव्हापासून सगळ्यांचा ‘फौजी सर’ आहे. आसपासच्या खेड्यांतली ही पोरं. पोलीस शिपायाला सोळाशे मीटर. 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर 20 पैकी 20. मुलींना आठशे.

6.00. ‘‘सर, टायम किती आला?’’
‘‘पाच पन्नास.’’
‘‘म्हणजे गेलं का जी?’’
‘‘रात्री काय खाल्लं?’’
‘‘पोळी अन् ठेचा.’’
भिजवलेले चणे त्याच्या हातावर ठेवतो. ठेच्यावर सोळाशे निघत नाही.

7.00. गोळा. पोरांचा 7.26 किलो, पोरींचा 4. इथून पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर, त्यापलीकडे गडचिरोली. तिथे शरण आलेल्या माओवाद्यांनी सांगितलेला दलमचा, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीचा, दिवस ऐकला तर फौजी माणसाला ओळखीचा वाटतो: पहाटे उठणं, हजेरी, व्यायाम, मग वाचन-लेखनाचा वर्ग. पगार मात्र नाही. जेवण, बंदूक आणि नवं नाव.

11.00. दाखले. रहिवासी, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता. धावण्यापेक्षा इथेच जास्त पोरं दमतात. आज राजूरचा एक जण फाईल घेऊन आलाय. राजूर म्हणजे कोळसा आणि चुनाभट्ट्या. मिलिंद तेलतुंबडे तिथलाच. वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, नोकरीला होता, कामगार चळवळीतून भूमिगत झाला, माओवाद्यांच्या केंद्रीय समितीपर्यंत पोचला आणि 13 नोव्हेंबर 2021 ला गडचिरोलीत मर्दिनटोल्याच्या चकमकीत मारला गेला. पोट भरत नाही म्हणून माणूस बंदूक धरतो, हे उत्तर त्याच्यापाशी लंगडं पडतं. त्याचा मार्ग मला पटत नाही. पण विचारापायी गेलेला माणूस आणि गावातून दलमने उचललेलं पोर यांना एका मापाने मोजू नये.

दुपारी जेवण, डुलकी.

4.00. सामान्य ज्ञान. माओवाद्यांशी लढणारी पोलिसांची सी-60 तुकडी कधी उभी राहिली? 1990, के. पी. रघुवंशी गडचिरोलीचे पोलीस अधीक्षक असताना, साठ जवानांची. पुढचा प्रश्न पुस्तकात नसतो, मीच विचारतो: स्थानिक आदिवासी पोरंच का घेतली? एक मुलगी म्हणते, ‘‘वाट माहीत असते म्हणून.’’ बरोबर, आणि भाषाही. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियाचा वेगळा पेपर असतो. दलमलाही तेच पोर हवं असायचं: जंगल जाणणारं, घरोघर ओळख असलेलं. तिकडची भरती बालसंघटनातून, माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाच्या गाण्यांतून व्हायची. इकडची जाहिरात, धाव आणि लेखी परीक्षेतून. एकाच गावातून दोन्हीकडे पोरं गेली. पोलिसात गेलेल्याच्या घराला मग गाव सोडायची पाळी येई. छत्तीसगडमध्ये सरकारने तर घाईघाईत आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

9.00. फोन. राज्य राखीव पोलीस दलात लागलेला जुना विद्यार्थी गडचिरोलीत बंदोबस्ताला आहे. बहिणीचं लग्न, रजेचं जमेना. ‘‘सर, राजीनामाच देतो.’’

भरतीच्या बातम्या छापून येतात, सोडून जाणाऱ्यांच्या क्वचित. पण फौज टिकते ती रजेवर, पगाराच्या तारखेवर, घरी फोन लागण्यावर. फौजेत मी हेच पाहिलं. दलममध्ये लग्नाची परवानगी मिळे, पण आधी नसबंदी. मूल नाही, घरी पत्र नाही, आजारपणात दवाखाना नाही. सरकारने नेमकं तिथेच बोट ठेवलं. 2005 चं आत्मसमर्पण धोरण पैशांचं म्हणून ओळखलं जातं. मला त्यातला संसार मोठा वाटतो. जून 2025 मध्ये गडचिरोलीत शरण आलेल्यांची सामूहिक लग्नं लागली, मुख्यमंत्री हजर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. सुरक्षा दलांचा रेटा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रेट्याने माणूस जंगलात आणखी आतही जातो. बाहेर यायला त्याला दार दिसावं लागतं.

पोराला म्हटलं, ‘‘राजीनाम्याचं तोंडातून काढू नको. अर्जाला पत्रिका जोड, कंपनीच्या साहेबांना आधी तोंडी सांग, आणि आठ दिवस मागू नको, चार माग.’’