परदेशी फोन आणि अंतराचा गैरसमज

इंटरनेटवरून केलेल्या फोनचा खर्च अंतरावर ठरत नाही. काष्टीतल्या घरातून पुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटे बोलले काय किंवा टोरांटोला दहा मिनिटे बोलले काय, नेटपॅकमधून जाणारा डेटा जवळपास तेवढाच असतो. तरीही दौंड-अहिल्यानगर रस्त्यावरच्या या बाजारपेठेच्या गावात आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या इतर गावांतही एक समजूत अजून घट्ट आहे: परदेशातला फोन म्हणजे जास्त नेट, जास्त बिल. मुलगा किंवा सून पलीकडून निवांत बोलायला बसलेली असते आणि इकडून आई-वडील ‘लई लांबचा फोन हाय, ठेव आता’ म्हणून दोन मिनिटांत बोलणे आवरते घेतात. परदेशी फोनबद्दलच्या साऱ्या गैरसमजांत सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज हाच आहे. त्यात पैसा एकही वाचत नाही आणि बोलणे मात्र राहून जाते.

ही भीती एका खऱ्या काळातून आलेली आहे. १९९० च्या दशकात एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या बूथवरून अमेरिकेला फोन लावला, तर मिनिटाला पन्नास रुपयांहून अधिक पडत. शेतमजुराची दिवसभराची मजुरी तेव्हा याहून कमी असे. समोरच्या मीटरवर लाल आकडे पळत असताना बोलण्याची सवय ज्यांना लागली, त्यांना घाई करायला त्या मीटरनेच शिकवले.

पण त्या काळातही तो दर अंतराने ठरत नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट लक्षात घेतली जात नाही. भारतातून परदेशी फोन जोडण्याचा मक्ता १९८६ मध्ये स्थापन झालेल्या विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीकडे होता. फोन ज्या देशात जाई, तिथल्या कंपनीला दर मिनिटामागे किती द्यायचे हे दोन्हीकडच्या कंपन्यांच्या करारावर ठरे. त्यावर मक्तेदारीचा नफा चढे. ३१ मार्च २००२ रोजी निगमची ही मक्तेदारी संपली, खासगी कंपन्या आल्या आणि काही वर्षांतच आयएसडीचे दर कोसळले. मुंबई आणि न्यूयॉर्कमधले अंतर त्या काळात एक किलोमीटरनेही घटलेले नव्हते. घटली ती मक्तेदाराची वसुली.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये तर अंतराचा हिशेब करायला जागाच उरत नाही. बोललेला आवाज मोबाइल बारीक तुकड्यांमध्ये, म्हणजे पॅकेटमध्ये बांधतो. ही पॅकेट गावातल्या टॉवरवरून मोठ्या शहराकडे आणि पुढे मुंबईला जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर वर्सोवा, प्रभादेवी अशा ठिकाणी समुद्राखालून येणाऱ्या केबल जमिनीवर चढतात. तिथून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक ओलांडून ही पॅकेट अमेरिकेत पोहोचतात. या केबलचे भाडे कंपन्या आपापसांत क्षमतेनुसार ठरवतात. ग्राहकाच्या एकेका कॉलवर ते लावले जात नाही. ग्राहकाला मोजावा लागतो तो फक्त स्वतःच्या टोकाचा डेटा, आणि पलीकडच्याला त्याच्या टोकाचा.

तो डेटा किती, हे साध्या गुणाकाराने काढता येते. अशा अ‍ॅपमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘ओपस’ ही आवाज दाबून पाठवण्याची पद्धत २०१२ मध्ये जागतिक मानक झाली. सेकंदाला २४ किलोबिट एवढ्यात ती आवाज स्पष्ट पोहोचवते. मिनिटाचा हिशेब १८० किलोबाइट होतो. प्रत्येक पॅकेटवर पत्ता लिहिलेला असतो, त्याचे आणखी शंभर-सव्वाशे धरावेत. आवाज जातो तसा येतोही, म्हणून हे दुप्पट करावे. मिनिटाला साधारण ६०० किलोबाइट आणि तासाला ३६ मेगाबाइट. रोज दीड जीबी देणाऱ्या पॅकचा हा अडीच टक्केही भाग नाही. एक तास सलग बोलूनही दिवसाच्या नेटला धक्का लागत नाही.

व्हिडिओ कॉलचे गणित वेगळे आहे. चित्र दोन्हीकडून सेकंदाला ५०० किलोबिटने गेले, तर तासाला सुमारे ४५० मेगाबाइट खर्च होतात. ज्या घरात परदेशी फोनने खरोखर नेट संपते, तिथे ते चित्रामुळे संपते. नेट कमी उरले असेल तर कॅमेरा बंद करावा, बोलणे बंद करू नये.

अंतराचा परिणाम होतो तो वेळेवर, आणि तोही समजतो त्याहून फार थोडा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचा केबलचा मार्ग पंधरा हजार किलोमीटर धरला, तर शब्द पोहोचायला ७५ मिलिसेकंद लागतात. वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवला तरी बोलणे अडखळत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांच्या संभाषणात अडथळा आणत नाही. ‘परदेशी फोनमध्ये आवाज उशिरा येतो’ ही आठवण उपग्रहाच्या काळातली आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे विक्रम उपग्रह केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून परदेशी फोन वर उपग्रहाकडे पाठवत असे. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, त्यामुळे जाऊन येण्यातच पाव सेकंद लागे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद जाई आणि दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलू लागत.

आज कॉल तुटतो, खरखरतो किंवा ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच संपतो, तेव्हा दोष परदेशाला दिला जातो. बहुतेक वेळा अडचण शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये असते: टॉवरवरची गर्दी, घराच्या जाड भिंती, कोपऱ्यात ठेवलेला वायफायचा डबा. काष्टीला शनिवारी आठवडे बाजार भरतो. जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबून माणसे आणि गाड्या येतात, आणि त्या सगळ्यांचे मोबाइल त्याच टॉवरांची क्षमता वाटून घेतात. त्या दुपारी कॉल अडखळला तर त्याचा संबंध टोरांटोशी नाही. तोच कॉल संध्याकाळी नीट लागू शकतो. यासाठी फार वेगाचे नेटही लागत नाही. २४ किलोबिट ही अगदी क्षुल्लक गरज आहे. लागते ती पॅकेट न गळता, एकसारख्या अंतराने पोहोचण्याची खात्री. समुद्रातली केबल तुटण्याचे प्रसंग घडतात, जसे जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्यावर भारतातले इंटरनेट मंदावले. पण तेव्हा एकट्या घराचा फोन नाही, साऱ्या देशाचे नेट रडते.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. तो परदेशात राहणाऱ्यांमध्ये जास्त आढळतो: इंटरनेटवरून केला म्हणजे कोणताही फोन फुकट. तसे नाही. दोन्हीकडे तेच अ‍ॅप आणि नेट असेल, तरच कॉलला वेगळा आकार पडत नाही. पलीकडे आजीचा बटणांचा साधा फोन असेल, किंवा बँकेचा, दवाखान्याचा नंबर लावायचा असेल, तर आवाजाला इंटरनेट सोडून भारतीय टेलिफोनच्या जाळ्यात शिरावे लागते. त्या दारावर पैसे लागतात. ज्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा फोन वाजतो, तिला परदेशातून आलेल्या प्रत्येक मिनिटामागे रक्कम मिळते. ती दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय ठरवते. मार्च २०१५ पासून ती ५३ पैसे होती, फेब्रुवारी २०१८ मध्ये ३० पैशांवर आली आणि १ मे २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवण्याची मुभा मिळाली. देशांतर्गत कॉलवरचा असा आकार १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला. परदेशी कॉलवरचा उरला.

व्हायबर आउटसारख्या सेवा मिनिटाला पैसे का घेतात, याचे उत्तर यातच आहे. स्काइप हेच काम २००३ मध्ये सुरू झाल्यानंतर लवकरच करू लागले होते. ते ५ मे २०२५ रोजी बंद झाले, तरी तसे काम करणाऱ्या इतर सेवा आहेत. परदेशातल्या काही मोबाइल प्लॅनमध्ये ‘भारतात अमर्याद कॉल’ असतात, तेव्हा हा दारावरचा आकार महिन्याच्या भाड्यात आधीच धरलेला असतो. दर निवडताना हिशेब सोपा आहे: घरी स्मार्टफोन आणि नेट असेल तर अ‍ॅपवरून अ‍ॅपवर, नसेल तरच पैसे देऊन नंबरवर.

हा दारावरचा आकार माहीत असला की फसवा स्वस्तपणाही ओळखता येतो. कुणी त्या आकाराहूनही कमी दरात भारतीय मोबाइलवर फोन जोडून देत असेल, तर ते पैसे कुणीतरी चुकवत आहे. परदेशातून आलेला कॉल इंटरनेटवरून एखाद्या भाड्याच्या खोलीत उतरवला जातो. तिथे डझनावारी सिमकार्डे खोचलेल्या सिमबॉक्समधून तो गावातल्या कॉलसारखा पुढे पाठवला जातो. आईच्या फोनवर परदेशातला नंबर न दिसता अनोळखी भारतीय नंबर दिसतो. ही बेकायदा एक्स्चेंज महाराष्ट्रातही पोलिसांनी पकडलेली आहेत. तो कॉल कुठून आला याचा माग तपास यंत्रणांना लागत नाही, आणि हाच आडमार्ग खंडणी व फसवणूक करणारेही वापरतात. म्हणून ‘स्वस्त पडतंय ना, मग झालं’ ही वृत्ती घातक आहे. परदेशातल्या नातेवाइकाचा फोन भारतीय नंबरवरून आला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर त्याची तक्रार नोंदवता येते. भारतीय नंबरचा मुखवटा घालून परदेशातून येणारे कॉल अडवण्याची यंत्रणा विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच असे सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचे सरकारने जाहीर केले.

दुबईला गेलेल्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, तेव्हा घरचे लोक आपले नेट तपासत बसतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर जातो, कॉल मात्र तिथल्या नियमांनुसार अडवलेले असतात. परवाना असलेली बोटिमसारखी ठरावीक अ‍ॅप चालतात. ‘व्हीपीएन टाकला की झालं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याने तिथला २०२१ चा सायबर कायदा पाहावा. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी इंटरनेटवरचा पत्ता बदलल्यास किमान पाच लाख दिरहमचा दंड त्यात आहे. शेजारच्या सौदी अरेबियाने मात्र तिथल्या नियमांत बसणाऱ्या अ‍ॅपवरचे कॉल सप्टेंबर २०१७ मध्ये खुले केले, त्यामुळे ‘आखातात कुठेच चालत नाही’ हेही खरे नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात संपतात.

परदेशातून साधा फोन आला तर उचलणाऱ्याचा बॅलन्स कापला जात नाही. भारतात १ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायची पद्धत आहे. उचलणारा स्वतः परदेशात रोमिंगवर असेल तरच त्याला पैसे पडू शकतात.

इंटरनेटवरून परदेशी फोन करणे भारतात बेकायदा नाही. १ एप्रिल २००२ पासून त्याला परवानगी आहे.

परदेशी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा भारतीय नंबर बदलावा लागत नाही. तिथले सिम किंवा वायफाय वापरून तो तसाच चालतो. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवायला मात्र विसरू नये, कारण महिन्याचे मोठे बिल येते ते तिथून.

व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशी कोड दिसला म्हणून बोलणारा त्याच देशात आहे असे नाही. मे २०२३ मध्ये +८४ आणि +६२ ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून असंख्य भारतीयांना फसवे कॉल आले. व्हिएतनाम आणि इंडोनेशियाचे कोड एवढेच त्यातून कळते. अनोळखी परदेशी मिस कॉलवर उलट फोन लावू नये. तो साध्या फोनवरून लावला की आयएसडीचे पैसे जातात.

‘उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, तीन टिक-खुणा आल्या की सरकारने पाहिले’ हा फिरता मेसेज खोटा आहे. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने तो अनेकदा खोडून काढला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अ‍ॅप ते अ‍ॅप कॉल एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूपबंद असतात. पैसे देऊन नंबरवर केलेल्या कॉलला ते कुलूप टेलिफोनच्या दारापर्यंतच लागू शकते.

परदेशातून ११२ फिरवल्यावर भारतातले पोलीस येत नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तर तो नंबर लागतच नाही. गावी आई-वडील एकटे असतील तर जवळच्या पोलीस ठाण्याचा, दवाखान्याचा आणि शेजाऱ्याचा पूर्ण नंबर देशाच्या कोडसह मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. लँडलाइनच्या नंबरात पुष्कळांचे चुकते ते शून्यावर. श्रीगोंदा तालुक्याचा कोड देशात ०२४८७ असा फिरवतात. परदेशातून फिरवताना पुढचे शून्य गाळून +९१ २४८७ आणि त्यानंतर घरचा नंबर.