गाडी सावलीत, पॅनल उन्हात

उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवण-रत्नागिरीहून पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांच्या डिकीत थर्माकोलचा एक खोका हमखास असतो. खाली बर्फ, मध्ये सुरमई, वर पुन्हा बर्फ आणि भोवती चिकटपट्टीचे वेढे. आठ-दहा तासांच्या प्रवासाला याहून स्वस्त आणि भरवशाची सोय नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता गिळतो, म्हणजे दहा किलोंचा साठा जवळजवळ एक युनिट उष्णता पचवतो. पण मुक्काम कच्छच्या रणात चार दिवसांचा असेल, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोक्यात पाणी, पाण्यात पनीरचं पाकीट आणि दुधाला वास, अशी गत होते. ताजा बर्फ घ्यायला धोलाविऱ्याला काही मासळीबाजार नाही.

२०२०मध्ये नवी थार आली, २०२३मध्ये जिम्नी. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा होतीच. या गाड्यांबरोबर तंबू, टपावरचं कॅरियर आणि गॅसची छोटी शेगडी घेऊन रस्ता सोडणारे लोक वाढले आणि त्यांच्या यादीत बॅटरीवर चालणारा फ्रिज आला. हे वेड मुळात ऑस्ट्रेलियाचं. तिथला कॅनिंग स्टॉक रूट हा गुरं हाकण्याचा जुना मार्ग हॉल्स क्रीकपासून विलुनापर्यंत सुमारे १,८५० किलोमीटर वाळवंटातून जातो. वाटेत वाणसामानाची दुकानं जवळपास नाहीतच, त्यामुळे तिथे फ्रिज ही चैन ठरत नाही. आपल्याकडे ती बऱ्याच अंशी चैनच आहे, हे आधी मान्य करू. अपवाद इन्सुलिनचा. बरोबर मधुमेही माणूस असेल आणि बाहेर ४२ अंश असतील, तर फ्रिजबद्दल वाद घालू नये.

दुकानात ‘कार फ्रिज’ नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. स्वस्तातली पेटी पेल्टिए परिणामावर चालते. जाँ पेल्टिए या फ्रेंच घड्याळजीने तो १८३४मध्ये दाखवून दिला: दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. अशी पेटी बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जाते. म्हणजे चाळीस अंशांच्या दुपारी आतलं दूध वीस-पंचवीस अंशांवर. शिवाय ती थांबत नाही. दिवसरात्र चार-पाच अँपिअर ओढत राहते. सौरऊर्जेवर काही चालवायचं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार खऱ्या कॉम्प्रेसरचा, घरच्या फ्रिजसारखाच, फक्त १२ व्होल्टवर चालणारा. यातल्या दोन घराण्यांची नावं जाणकारांच्या तोंडी असतात. जपानच्या सावाफुजीचा ‘एंगेल’ आणि डॅनफॉसचा बीडी३५ कॉम्प्रेसर, जो २०१०पासून सेकॉप नावाने येतो. आज मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांत याच कल्पनेच्या चिनी आवृत्त्या असतात आणि त्या वाईट नसतात. चालू असताना कॉम्प्रेसर ४५ ते ६० वॅट घेतो, आतलं तापमान उतरलं की बंद पडतो. बंद राहण्याचा हा वेळच सगळं गणित जमवून आणतो.

‘किती वॅटचं पॅनल घेऊ?’ असा प्रश्न मित्र विचारतात, तेव्हा मी आधी फ्रिज रात्री किती खातो ते विचारतो. पॅनलचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

समजा, ४० लिटरचा फ्रिज आहे, चालताना ४५ वॅट घेतो आणि आत ४ अंश ठेवले आहेत. डिसेंबरात कच्छमध्ये संध्याकाळी साडेसहापासून सकाळी नवापर्यंत पॅनलकडून काही मिळत नाही, असं धरून चला. चौदा-साडेचौदा तास. गारव्यात कॉम्प्रेसर तासातली अठराएक मिनिटंच चालेल. म्हणजे रात्रीचा खर्च १९० वॅट-तासांच्या आसपास. दिवसा झाकण उघडझाप होते, ऊन तापतं, तेव्हा आणखी दोनशे. चोवीस तासांचे ३९० वॅट-तास झाले. हाच फ्रिज मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवा. आतली हवा पन्नास अंशांच्या वर जाते आणि उष्ण प्रदेशांसाठीचे फ्रिजसुद्धा ४३ अंशांपर्यंतच तपासलेले असतात. मग कॉम्प्रेसर क्वचितच थांबतो आणि खर्च दुप्पट होतो.

म्हणून पहिली बचत फ्रिजच्याच भोवती शोधावी. दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे ३५० वॅट-तास उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसर खर्चलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकतो हे खरं, तरी दिवसाच्या कमाईतला मोठा घास या बाटल्याच खातात. तेच काम निघायच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर केलं तर फुकटात पडतं. फ्रिज रिकामा ठेवू नये, त्याच्या हवेच्या जाळीसमोर चादरी-बॅगा कोंबू नयेत, आणि आइस्क्रीमचा मोह टाळावा. उणे अठराला गेलात की विजेचं बिल ४ अंशांच्या तुलनेत साधारण दुप्पट होतं. रानात कुल्फी हवीच कशाला?

आता बॅटरी. गाडीची मूळ बॅटरी काही सेकंद प्रचंड करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी असते. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवणं म्हणजे शंभर मीटर पळणाऱ्याला पंढरीच्या वारीला पाठवण्यासारखं. आतल्या शिशाच्या पातळ प्लेट खोल डिस्चार्ज सहन करत नाहीत. चार-सहा वेळा अशी उतरवली की ती कायमची कमजोर होते आणि सकाळी सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज. फ्रिजला व्होल्टेज कमी होताच बंद होण्याची सोय असते, तीन पायऱ्यांची. मूळ बॅटरीवर चालवायचाच असेल तर ती सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवावी.

खरा उपाय दुसरी बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून डिकीत टाकणारे वीर मी पाहिले आहेत. पन्नास किलोंच्या वर वजन, आत पातळ ॲसिड, चार्ज होताना हायड्रोजन. बंद गाडीत हे नको. लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार १९९०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणला आणि गाडीतल्या फ्रिजसाठी तो जणू बेतूनच आला आहे. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये म्हणतात. ही ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. ५० अँपिअर-तासांची म्हणजे ६४० वॅट-तासांची घेतली, तर वरच्या हिशेबातली रात्र काढून दुसऱ्या दिवशी ढग आले तरी दुपारपर्यंत निभावतं. वायरिंगची कटकट नको असेल, तर बॅटरी, तिला पॅनल जोडायचा कंट्रोलर आणि सॉकेट एकाच डब्यात असलेलं तयार ‘पॉवर स्टेशन’ बरं. महाग पडतं, पण घरी परतल्यावर लाइट गेली की वायफायलाही उपयोगी येतं.

पॅनलवर छापलेले १०० वॅट हे प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. टपावर आडवं पडलेलं, खालून पत्र्याने तापवलेलं पॅनल दुपारी ६५ अंशांवर सहज जातं. सिलिकॉनचं उत्पादन दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटतं, म्हणजे तिथेच बारा-सोळा टक्के गेले. धूळ, तिरपं ऊन आणि वायर धरून शंभरातले सत्तर हाती येतात. आपल्याकडे कोरड्या दिवसांत पूर्ण उन्हाचे पाच तास धरले, तर १०० वॅटचं पॅनल दिवसाला ३५० वॅट-तास देतं. आपली गरज ३९०. म्हणून १२० वॅट काठावर पास आणि १६० ते २०० वॅट निवांत. आलात ना शेवटी वॅटवर!

पण खरी गंमत पुढे आहे. फ्रिजला सावली हवी, पॅनलला ऊन. टपावर पॅनल पक्कं बसवलं की जेवायला झाडाखाली गाडी लावताना मन दुभंगतं. त्यातही तुटक सावली सगळ्यात घातक. साध्या १२ व्होल्टच्या पॅनलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांतून एकच करंट वाहतो. कॅरियरच्या दांड्याची किंवा डिझेलच्या कॅनची सावली एका सेलवर पूर्ण पडली, की अख्खी माळ त्या सेलच्या चालीने चालते. बायपास डायोड मदतीला येतो, पण तो सेलची अर्धी रांगच बाजूला काढतो. उरलेल्या अठरा सेलचं व्होल्टेज नऊच्या आसपास; त्यावर १२ व्होल्टची बॅटरी साध्या कंट्रोलरने चार्ज होत नाही. पॅनलचा जेमतेम छत्तिसावा भाग झाकलेला असतो आणि मीटरवर मात्र जवळपास शून्य दिसतं.

म्हणून माझं मत घडीच्या पॅनलच्या बाजूने आहे. गाडी बाभळीखाली, मागचं दार उघडं, आणि आठ-दहा मीटर वायर सोडून पॅनल उन्हात, सूर्याकडे तिरकं. सकाळी पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला वळवलं की टपावरच्या त्याच वॅटेजपेक्षा कमाई बरीच वाढते. तोटे? वाऱ्याने उलटतं, कुत्री त्यावर झोपतात, आणि दिवसभर भटकायला जायचं तर उघड्यावर सोडून जाता येत नाही.

कंट्रोलरमध्ये एमपीपीटी घ्यावा. १०० वॅटचं पॅनल सुमारे १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टला बांधून टाकतो. अँपिअर तितकेच राहतात आणि हाती येतात सत्तरच वॅट. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. एवढ्यावर हा विषय संपतो.

वायरवर मात्र थांबायला हवं, कारण ‘फ्रिज खराब निघाला’ म्हणून परत आलेल्या कितीतरी फ्रिजच्या बाबतीत खरी गुन्हेगार वायर असते. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. गाडीच्या इलेक्ट्रिशियनने दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली, तर तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम. पाच अँपिअर वाहिले की वाटेतच ०.६ व्होल्ट गळतात. बॅटरी १२.३ व्होल्टवर ठणठणीत असते आणि फ्रिजला ११.७ दिसतात, वरच्या पायरीवर ठेवलेला फ्रिज बॅटरी संपली समजून बंद पडतो. बंद पडला की करंट थांबतो, व्होल्टेज वर येतं, फ्रिज पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. हा खेळ रात्रभर चालतो आणि सकाळी दूध फाटलेलं. तीच वायर सहा स्क्वेअरची घेतली तर गळती ०.१५ व्होल्टवर येते. खर्च काही शे रुपये. थिंबल नीट क्रिम्प करा, आणि बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज टाका, कारण फ्यूज नसलेली वायर पत्र्याच्या धारेवर घासली गेली तर गाडी पेटते. सिगारेट लायटरचं सॉकेट फोनसाठी ठीक. रणातल्या पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत वाटेवर त्यातला प्लग तासाभरात हलून सुटतो. त्याऐवजी अँडरसन कनेक्टर घ्यावा.

आता थोडं आडवं बोलतो. रोज दोन तास गाडी चालणार असेल, तर सोलरची गरजच नाही. अल्टरनेटर आणि दुसऱ्या बॅटरीच्या मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, की दोन तासांत चाळीस अँपिअर-तासांच्या आसपास भर पडते. फ्रिजच्या दिवसभराच्या भुकेपेक्षा जास्त. नव्या बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली-वर करतो, म्हणून जुन्या पद्धतीचा नुसता रिले लावून चालत नाही, हा चार्जरच लागतो. सोलर उपयोगी पडतो तो गाडी एका जागी दोन-तीन दिवस उभी राहिली की. आपल्या बहुतेकांची सुट्टी रोज पुढचं गाव गाठण्यात जाते. टपावरचं पॅनल मग फोटोसाठी उरतं.

ऋतूंचंही असंच तिरपागडं आहे. मे महिन्यात मराठवाड्यात फ्रिज दुप्पट खातो, तेव्हाच पॅनल तापून कमी देतं. स्पीतीत उलट: हवा विरळ, ऊन लख्ख, सेल गार, त्यामुळे पॅनल छापील आकड्याच्या जवळ जातं आणि फ्रिजला जवळपास कामच नसतं. ऑक्टोबरात काझाच्या रात्री तर पारा शून्याखाली जातो आणि फ्रिजच्या जाड भिंती अंडी गोठू नयेत म्हणून कामी येतात. लिथियम बॅटरी मात्र शून्य अंशाखाली चार्ज करू नये. आत लिथियमचा धातू साचून ती कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षण अशा वेळी चार्जिंग रोखतं, पण ती टपावरच्या पेटीत न ठेवता केबिनमध्ये ठेवलेली बरी. आणि जुलैत सह्याद्रीत घडीचं पॅनल घरीच राहू द्या. ढगाखाली ते फोन चार्ज करील, फ्रिज नाही.

पॅनल विकत घेण्याआधी एक स्वस्तातला डीसी वॅटमीटर फ्रिजच्या वायरीत जोडा, फ्रिज भरा आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवस बंद गाडीत चालू ठेवा. दुसऱ्या दिवसाचा वॅट-तासांचा आकडा लिहून घ्या, कारण पहिल्या दिवशीचा आकडा सामान गार करण्यातच फुगलेला असतो. त्या आकड्याला साडेतीनने भागलं की आपल्याला लागणारं पॅनल किती वॅटचं ते निघतं. वर थोडी भर ढगांसाठी टाका. वॉचमनला तेवढं सांगून ठेवा, नाहीतर बंद गाडीतून घरघर येते म्हणून रात्री दोनला तुम्हाला उठवेल.