आडवी पडलेली उकळी

जानेवारी १९०९. कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड सौरडागांचे वर्णपट तपासत होते. आदल्याच वर्षी अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज हेल यांनी सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचं दाखवलं होतं; तिथे वायूचे भोवरे असावेत असा त्यांचा कयास होता. एव्हरशेडना भोवरा सापडला नाही. डागाच्या कडेच्या करड्या झालरीत वायू आतून बाहेर, आडवा, सेकंदाला काही किलोमीटर वेगाने वाहत होता.

हा वारा कसला, हे कळायला बरीच दशकं लागली.

सूर्याचा पृष्ठभाग पिठल्यासारखा रटरटत असतो. तापलेला वायू वर येतो, उष्णता सोडतो, निवतो आणि बुडतो. एकेक उमाळा सुमारे १,००० किलोमीटर रुंद, त्याचं आयुष्य काही मिनिटांचं. डागाच्या गाभ्यात मात्र चुंबकीय क्षेत्र ३,००० गॉसच्या घरात असतं. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. विद्युतभारित वायूला चुंबकीय रेषा सहजी ओलांडता येत नाहीत, म्हणून उकळी दबते. डाग निवलेला, काळपट असण्याचं हे कारण १९४१ मध्ये लुडविग बीरमान यांनी सुचवलं. भोवताली ५,८०० केल्विन, तर गाभ्यात ४,००० च्या आसपास. तापमान तिसऱ्या हिश्श्यानेच घटलं, पण उजेड तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे तो चौथाईवर येतो. तरीही हा ‘काळा’ गाभा वितळलेल्या लोखंडापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो! त्यातही बारीक उजळ ठिपके लुकलुकतात. तिथे चुंबकीय पकड सैल पडलेली असते आणि खालची आच वर डोकावते.

मला खरं नवल वाटतं ते झालरीचं. तिथेही क्षेत्र हजार-दीड हजार गॉसचं, मग उजेड पाऊण हिस्सा कसा टिकतो? उत्तर रेषांच्या कलात आहे. झालरीत चढ्या आणि जवळजवळ आडव्या रेषांचे पट्टे एकाआड एक गुंतलेले असतात. आडव्या पट्ट्यात तापलेला वायू मधोमध वर येतो, पट्ट्याच्या लांबीने बाहेर धावतो, वाटेत उष्णता सोडतो आणि दोन्ही कडांनी खाली जातो. म्हणजे तीच उकळी, फक्त चुंबकीय क्षेत्राने आडवी पाडलेली. हे पट्टे काहीशे किलोमीटरच रुंद. पृथ्वीवरून ते न्याहाळायचे तर दुर्बीण मोठी हवी आणि हवा निश्चल. कोडाईकनालला एव्हरशेडना ते पट्टे दिसले नव्हते. वर्णपटातल्या किंचित सरकलेल्या रेषांतून त्यांनी टिपली होती ती या उकळीची आडवी धाव.