उजव्या खुर्चीतला नौसैनिक

धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा वाऱ्यात आडवा धरायचा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलो आहोत. अंगठ्याकडची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो. आणखी उचलली की आणखी वर. पण ती फारच उचलली, तर वर जाणं थांबतं आणि वारा हाताला नुसता मागे रेटतो.

विमानाच्या पंखाचंही असंच असतं. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला, की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा विस्कटते आणि विमानाला वर धरणारा जोर ढासळतो. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही तो होतो.

खरी गंमत यापुढची. स्टॉल होताना विमान एका बाजूला वळत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त ढासळतो. तो खाली जातो, आणि खाली जाताना हवेशी त्याचा कोन आणखी वाढतो, म्हणून तो आणखी ढासळतो. माधवीलतेचं पंखवालं बी भिरभिरत जमिनीवर यावं, तसं अख्खं विमान गिरक्या घेत कोसळू लागतं. हीच ‘स्पिन’.

अशा वेळी समोरच्या काचेत फक्त गरगर फिरणारी जमीन दिसते. हात म्हणतात, नाक वर ओढ. पण ओढलं की पंखाचा कोन मोठाच राहतो आणि स्पिन चालूच राहते. सुटकेची वाट उलटी आहे. इंजिनाची ताकद कमी करायची, पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, सरळ करायचे, शेपटीवरचं रडर गिरकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण दाबायचं आणि मग कंट्रोल पुढे ढकलायचं. म्हणजे जमिनीकडेच तोंड असलेल्या विमानाचं नाक आणखी खाली ढकलायचं!

ही वाट पहिल्यांदा सापडली ती एका नौदल अधिकाऱ्याला. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधल्या सॉल्सबरी प्लेनवर ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचं विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं. बाकी सगळं करून झाल्यावर त्यांनी रडर उलट दिशेला दाबलं. गिरकी थांबली तेव्हा जमीन जेमतेम ५० फुटांवर होती. पुढे १९१७ साली फ्रेडरिक लिंडमन हे भौतिकशास्त्रज्ञ मुद्दाम स्पिनमध्ये शिरले, पडता पडता उपकरणांवरचे आकडे टिपून आले आणि या कोड्यामागचं गणित उलगडलं.

आता दुसऱ्या एका नौसैनिकाला भेटायला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जाऊ. विल्यम कर्शनर यांनी १९४५ साली, पंधराव्या वर्षी, तिथल्या क्लार्क्सव्हिल गावात उडायला सुरुवात केली. पुढे ते नौदलात विमानवाहू जहाजांवरून रात्री उडणारे लढाऊ वैमानिक झाले. त्या काळातलं त्यांचं एक विमान होतं ‘कोर्सेअर’. त्याचं नाक इतकं लांब की सरळ येताना समोरचा डेकच दिसत नसे, म्हणून वैमानिक वळत वळत जहाजाकडे येत. उतरताना वेग इतका कमी ठेवावा लागे की स्टॉल हाकेच्या अंतरावर असे. त्यात कोर्सेअरचा डावा पंख आधी ढासळायचा. दोन्ही पंख बरोबरीने ढासळावेत म्हणून उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी बसवावी लागली होती. खाली काळा समुद्र, पुढे हलता डेक, आणि पंख त्या काठावर!

नौदल सोडल्यावर कर्शनर यांनी शिकवण्याला वाहून घेतलं. १९६० साली नवशिक्या वैमानिकांसाठी त्यांचं पुस्तक आलं. त्यातली खट्याळ चित्रंही त्यांनीच काढली होती. आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. टेनेसीतल्याच सिवानी गावात त्यांनी कसरतीच्या उड्डाणांची शाळा चालवली. १९४९ पासून अमेरिकेत साध्या वैमानिक परवान्यासाठी स्पिन शिकण्याची सक्ती उरली नव्हती. प्रशिक्षकांना मात्र ती शिकावीच लागते. कर्शनर विद्यार्थ्यांना दोन आसनी ‘सेसना १५२ एरोबॅट’मधून उंच नेत आणि तिथे मुद्दाम पडत. एका फेरीची स्पिन घेऊन सावरायला या विमानाला सुमारे १००० फूट लागतात, म्हणून आधी भरपूर उंची गाठायची. ती उंची हीच त्यांची पाटी. त्यांनी अशा हजारो स्पिन केल्या.

मला थक्क करते ती यातली माया. जो काठ त्यांनी स्वतः रात्रीच्या समुद्रावर, चुकीला जागाच नसताना ओळखला, तो विद्यार्थ्याला त्यांनी लख्ख दिवसा, चूक सावरायला पुरेशी उंची हाताशी ठेवून दाखवला. हाताची ओढ शब्दांनी बदलत नाही. कुणीतरी शेजारी बसून आपल्याबरोबर पडावं लागतं.

२००७ साली कर्शनर गेले. त्यांचं एरोबॅट आता व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी संग्रहालयात आहे. त्याच छताखाली काँकॉर्ड विमान आहे, अवकाशात जाऊन आलेलं ‘डिस्कव्हरी’ यान आहे. त्यांच्यापुढे हे विमान खेळण्याएवढं, शंभराच्या आसपास अश्वशक्तीचं. त्यात शेजारी शेजारी दोन खुर्च्या आहेत. डावी शिकणाऱ्याची, उजवी शिकवणाऱ्याची.