सुटींतील संशोधन आणि व्यसनांचें वैद्यक

दारू, अफू किंवा तंबाखू ह्यांच्या पाशांत सांपडलेल्या मनुष्याविषयीं आपल्या समाजांत बहुधा दोनच मतें ऐकूं येतात. कोणी त्यास पापी म्हणतो, तर कोणी दुबळ्या मनाचा म्हणून त्याची कींव करतो. तो रोगी आहे व इतर रोग्यांप्रमाणेंच त्याची चिकित्सा झाली पाहिजे, हें तिसरें मत मागाहून आलें. तें घरोघर पोहोंचावयास अद्यापि अवकाश आहे. खुद्द अमेरिकेंत व्यसनांच्या चिकित्सेस वैद्यकाची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०१६ सालीं. इतक्या नव्या शाखेंत विद्यार्थ्यांस करण्याजोगें काम पुष्कळ असतें. पुढें डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस व त्यांच्या पालकांस हें काम कसें चालतें तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक उदाहरण देतों. १९६४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी निस्वांडर हीं हेरॉइनच्या व्यसनाचा अभ्यास करूं लागलीं. त्यांच्या हाताखालीं मेरी जीन क्रीक ह्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचें रुग्णालयांतील शिक्षण तेव्हां पुरें व्हावयाचें होतें. आरंभीं रुग्णांस मॉर्फीन देऊन पाहिलें, तों मात्रा वाढवीतच न्यावी लागे. आणि रुग्ण दिवसभर दूरचित्रवाणीपुढें बसून पुढची सुई केव्हां मिळेल ह्याची वाट पाहात. पुढें मेथाडोन हें औषध देऊं लागल्यावर मात्र त्यांपैकीं एकजण चित्रें काढूं लागला, व दुसऱ्यानें आपलें अर्धवट राहिलेलें शालेय शिक्षण पुरें करूं द्या अशी मागणी केली! मेथाडोनचा परिणाम शरीरांत दिवसभर सारखा टिकतो. त्यामुळें गुंगीही येत नाहीं आणि तळमळही होत नाहीं, व मनुष्याचें चित्त सुईवरून निघून संसाराकडे वळूं शकतें. २२ रुग्णांवरील हा अनुभव १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. एक व्यसन काढून दुसरें दिलें, असा आक्षेप तेव्हां निघाला व अजूनही निघतो. मधुमेही मनुष्य रोज इन्शुलिन टोंचून घेतो म्हणून त्यास कोणी व्यसनी म्हणत नाहीं, एवढेंच त्यावर आम्हांस म्हणावयाचें आहे. डॉ. क्रीक ह्यांनीं त्या वेळीं हातीं घेतलेला विषय २०२१ सालीं मृत्यु येईपर्यंत सोडला नाहीं.

ह्याहूनही लहान वयाचें उदाहरण बाल्टिमोर येथील आहे. अफूचा अंश मेंदूंतील ज्या ‘कुलुपांत’ किल्लीसारखा बसतो, तीं कुलुपें खरोखर आहेत हें १९७३ सालीं कँडेस पर्ट ह्या विद्यार्थिनीनें आपले गुरु डॉ. सॉलोमन स्नायडर ह्यांच्या प्रयोगशाळेंत दाखवून दिलें. मग साहजिकच प्रश्न आला कीं, खसखशीच्या बोंडांतील चिकासाठीं परमेश्वरानें मनुष्याच्या मेंदूंत कुलुपें कां बसवावीं? त्याचें उत्तर १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें मिळालें. ह्यूज व कॉस्टरलिट्झ ह्या शास्त्रज्ञांस मेंदू स्वतःच तयार करीत असलेली किल्ली सांपडली. अफू ही केवळ तिची नक्कल!

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९७९ सालीं एक अल्पकालीन विद्यार्थिवृत्ति सुरू केली. एम.बी.बी.एस.चा विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयांतील एखाद्या अध्यापकास मार्गदर्शक करतो, त्यांच्या साहाय्यानें कामाचा आराखडा परिषदेकडे पाठवितो, आणि तो मंजूर झाल्यास दोन महिने काम करून अहवाल सादर करतो. अहवाल पसंत पडल्यावर वृत्तीची रक्कम व प्रमाणपत्र मिळतें. विषय वैद्यकाच्या कोणत्याही शाखेंतला असूं शकतो. मात्र दोन महिन्यांत आटोपेल असा असावा लागतो. मार्गदर्शकाचें पहिलें काम तेंच. ‘महाराष्ट्रांतील दारूबाजी’ असा विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास ते ‘आपल्या रुग्णालयांत हाड मोडून आलेल्या पुरुषांपैकीं किती जण धोकादायक प्रमाणांत पितात’ एवढ्यावर आणून ठेवतात. विद्यार्थी प्रथम हिरमुसतो, पण उत्तर मिळतें तें दुसऱ्याच प्रश्नाचें.

हें मोजावयाचें कसें? जागतिक आरोग्य संघटनेनें त्यासाठीं दहा प्रश्नांची एक चांचणी तयार केली आहे. गुण शून्यापासून चाळीसपर्यंत, आणि आठ वा अधिक आले तर पिणें धोक्याचें समजतात. परंतु ‘किती पेले’ हा प्रश्न आपल्याकडे फसतो. दुकानांतील बाटलीवर प्रमाण छापलेलें असतें, मोहाच्या दारूवर कोण छापणार? तंबाखूचेंही असेंच आहे. सकाळीं उठल्यापासून किती वेळानें पहिली विडी ओढतां, असें विचारण्याची रीत आहे. पण उठल्याबरोबर दांतांस मिश्री लावणाऱ्या आजीबाई ह्या प्रश्नांतून सुटतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हेंच त्यांच्या गांवीं नसतें. म्हणून प्रश्न त्या त्या भागाच्या बोलीप्रमाणें घडवावे लागतात. आणि खेड्यांतून आलेला विद्यार्थी येथें शहरी सोबत्याच्या पुष्कळ पुढें असतो.

रुग्णास गांठण्यापूर्वीं महाविद्यालयाच्या नीतिसमितीची संमति घ्यावी लागते. रुग्णानें नाहीं म्हटलें तर त्याच्या उपचारांत तिळमात्र फरक पडतां कामा नये, व त्याचें नांव कोठेंही बाहेर येतां कामा नये. बाप पितो ही गोष्ट गांवांत फुटली तर मुलीचें लग्न मोडतें. तेव्हां ही अट केवळ कागदी नव्हे.

अशा कामांत विद्यार्थ्यास जें दिसतें तें पालकांनींही जाणून घेण्यासारखें आहे. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणारा मनुष्य पाय मोडून रुग्णालयांत येतो, दारू एकाएकीं तुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं त्याचे हात कांपूं लागतात, घाम सुटतो, नसलेलीं माणसें व किडे दिसूं लागतात, क्वचित् झटकेही येतात. नातलग म्हणतात, बाधा झाली. शेजारचे रुग्ण म्हणतात, वेड लागलें. वस्तुतः ही दारू तुटल्याची व्याधि असून उपचार न झाल्यास तींत प्राणही जातात. तेव्हां घरांतील अशा माणसास रागाच्या भरांत कोंडून ठेवून दारू बंद करणें फार धोक्याचें आहे. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावें. पुण्याचें मुक्तांगण १९८६ सालापासून हेंच काम करीत आहे.

मोठ्या यंत्रांवाचूनही उपयुक्त संशोधन होतें, ह्याचा दाखला गोमंतकांत आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या व धोकादायक रीतीनें पिणाऱ्या पुरुषांशीं डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें थोड्या बैठकींत बोललीं. तीन महिन्यांनीं अशा शंभरांतील ३६ जणांचें पिणें धोक्याच्या रेषेखालीं आलें. ज्यांस नेहमींचेच उपचार मिळाले त्यांच्यांत हें प्रमाण २६ होतें. हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. दहांचा फरक कांहींना क्षुल्लक वाटेल. आमच्या मतें दहा घरांतील चुलींचा हिशेब केल्यास तो क्षुल्लक नाहीं.

पालक विचारतात कीं, ह्यांत परीक्षेचे गुण वाढतात काय? सरळ उत्तर असें कीं, नाहीं. आणि घरीं यावयाची सुटीही जाते. कित्येकांचे आराखडे नामंजूर होतात. मंजूर झाले तरी अपेक्षेविरुद्ध उत्तर निघतें, व तें जसेंच्या तसें लिहावें लागतें. आंकडे सोयीप्रमाणें वळविणाऱ्याची चांगला मार्गदर्शक गय करीत नाहीं. ज्यांस हें मान्य असेल त्यांनीं वैद्यकाच्या पहिल्याच वर्षीं विषय शोधावयास लागावें, कारण मार्गदर्शक गांठणें, वाचन करणें व संमति मिळविणें ह्यांतच बरेच महिने निघून जातात.