सामाईक चुलीचा शेजार

कोहाउसिंगच्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे, स्वयंपाकघरासह पूर्ण घर असते आणि त्याखेरीज सगळ्यांचे मिळून एक मोठे सामाईक घर असते. सामाईक घरात पंगत बसेल एवढी जेवणाची खोली, मोठे स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रे, मुलांना खेळायला जागा, पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या आणि पुष्कळ ठिकाणी सुतारकामाची खोली असते. घरांची संख्या बहुधा १५ ते ३५. मिळकत ज्याची त्याची राहते, त्यामुळे कम्यूनपेक्षा ही व्यवस्था वेगळी. क्लबहाउस जोडलेल्या बिल्डरच्या संकुलाहूनही ती वेगळी आहे. इथे राहणारी माणसे आधी एकत्र येतात, वास्तुविशारदासोबत बसून आराखडा ठरवतात आणि राहायला आल्यावर कारभारही तीच पाहतात.

हा प्रकार डेन्मार्कमध्ये आकाराला आला. १९६० च्या दशकात तिथल्या स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या. घरात दोघेही कमावते, उपनगरातली घरे एकमेकांपासून तुटलेली, आणि संध्याकाळचा स्वयंपाक व मुले दोन्ही कामे थकून आलेल्या आईबापांवर, अशी स्थिती झाली. १९६४ च्या हिवाळ्यात यान गुडमंड-हॉयर या वास्तुविशारदाने मित्रांसोबत या प्रश्नावर विचार सुरू केला. गटाने कोपनहेगनजवळ हारेस्कोव येथे जमीन घेतली, बारा घरे आणि एक सामाईक घर असा आराखडा काढला. आसपासच्या रहिवाशांनी त्याला विरोध केला. एवढी मुले एका जागी आली तर गोंगाट वाढेल, अशी त्यांची तक्रार होती. बेत मोडला. पुढे १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने ‘पोलिटिकेन’ दैनिकात लेख लिहून प्रत्येक मुलाला शंभर आईबाप हवेत असे मांडले. वर्षभराने गुडमंड-हॉयरचाही लेख दुसऱ्या एका दैनिकात आला. दोन्ही लेख वाचून असे राहण्याची इच्छा असलेली कुटुंबे पुढे आली, त्यांचे गट झाले, आणि १९७२ मध्ये हिलेरॉड गावाजवळ सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत राहती झाली. गुडमंड-हॉयरच्या गटाची वसाहत त्यानंतर वर्षभरात उभी राहिली. कॅथरिन मॅककॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या अमेरिकी वास्तुविशारद दांपत्याने डॅनिश वसाहतींचा अभ्यास करून १९८८ मध्ये पुस्तक लिहिले, आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात म्युअर कॉमन्स ही २६ घरांची वसाहत झाली.

अशा वसाहतींची रचना विचारपूर्वक केलेली असते. गाड्या कडेला उभ्या राहतात आणि घरांमधली वाट पायी चालणाऱ्यांसाठी व मुलांसाठी मोकळी राहते. सामाईक घर गाड्यांचा तळ आणि राहती घरे यांच्या मधल्या वाटेवर ठेवतात, म्हणजे येता-जाता सगळ्यांची पावले तिथून जातात. स्वयंपाकघराची खिडकी वाटेकडे आणि झोपण्याची खोली मागच्या शांत बाजूला असते. कोणाशी बोलायचे नसेल त्या दिवशी मागच्या अंगणात बसावे, हे तिथे सगळ्यांना समजते.

रचनेपेक्षाही महत्त्वाचे आहे ते सामाईक जेवण. हिशोब साधा आहे. समजा, वसाहतीत ३० घरे आणि ५० प्रौढ माणसे आहेत, आठवड्यात पाच संध्याकाळी सामाईक जेवण होते आणि प्रत्येक वेळी दोघे स्वयंपाक करतात. तर एका माणसाची पाळी पाच आठवड्यांतून एकदा येते. त्या दिवशी बाजारहाट, पन्नासेक पानांचा स्वयंपाक आणि नंतरची आवराआवर यांत पूर्ण संध्याकाळ जाते; उरलेल्या २४ संध्याकाळी मात्र जेवण तयार मिळते. जेवायला येण्याची सक्ती नसते, आधी नाव नोंदवावे लागते एवढेच. पाळी पुरुषांनाही लागू असते आणि ती यादीत लिहिलेली असते. घरकामाची वाटणी भिंतीवरच्या कागदावर आली की ती कोणाच्या सौजन्यावर अवलंबून राहत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने या वसाहतींचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.

स्वीडनचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १९३५ मध्ये स्टॉकहोम शहरात वास्तुविशारद स्वेन मार्केलियस आणि समाजशास्त्रज्ञ आल्वा मिर्डाल यांच्या कल्पनेतून एक सामूहिक इमारत उभी राहिली. तळमजल्यावर रेस्तराँ होते आणि छोट्या लिफ्टमधून ताटे वरच्या घरांत जात. काम पगारी नोकर करत. रहिवाशांनी एकत्र येण्याचे काही कारणच नव्हते. पुढे ते रेस्तराँ बंद पडले. १९७० च्या दशकात स्वीडिश स्त्रियांच्या एका अभ्यासगटाने ही मांडणी उलटवली आणि रहिवाशांनी स्वतः मिळून स्वयंपाक करावा असे सुचवले. या विचाराने १९९३ मध्ये उभी राहिलेली स्टॉकहोममधली फॅर्डक्नेपेन ही ४३ घरांची इमारत मुले घराबाहेर पडलेल्या, चाळिशीपुढच्या माणसांसाठी आहे. एकत्र काम केल्याने ओळख होते आणि ओळखीतून मदत येते. नुसती जागा सामाईक असल्याने यातले काहीच घडत नाही, असे या दोन इमारतींवरून दिसते.

बाकीचे फायदे याच मुळातून फुटतात. मुलांना सवंगडी दारातच मिळतात आणि आई-वडिलांना उशीर झाला तर मूल शेजारी जेवते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची खुर्ची दोन दिवस रिकामी दिसली की कोणीतरी दार वाजवते. पाहुण्यांची खोली, ड्रिल मशीन, गवत कापायचे यंत्र सगळ्यांत मिळून एक पुरते, म्हणून राहते घर थोडे लहान चालते आणि विजेचा खर्चही उतरतो.

अडचणीही या एकत्र कामातूनच निर्माण होतात. वसाहत चालवायची तर बैठका घ्याव्या लागतात आणि बैठकांना वेळ लागतो. बहुसंख्य वसाहती मतदान टाळून सर्वसंमतीने निर्णय घेतात, कारण हरलेला गट रोज त्याच पंगतीला बसणार असतो. पण सर्वसंमतीत एकच ठाम विरोधक विषय महिनोन्महिने अडवू शकतो. कुत्री मोकळी सोडावीत का, सामाईक जेवणात मांस असावे का, बागेत औषध फवारावे का, असल्या विषयांवर माणसे दमतात. म्हणून कित्येक गट आता अनेक बैठकांनंतरही एकमत झाले नाही तर मतदान घेण्याची तरतूद नियमांत ठेवतात. कामातली तफावत याहून बोचते. काही जण बागेत राबतात, काही पाळी चुकवतात. चुकवणाऱ्याला काय सांगायचे, हा प्रश्न प्रत्येक वसाहतीत येतो आणि नियमावलीत त्याचे पुरते उत्तर सापडत नाही. आजारी किंवा लहान मूल असलेल्या माणसाला सूट द्यायची की नाही, हे माणसे पाहूनच ठरवावे लागते.

राहायला येण्यापूर्वीचा काळ तर आणखी खडतर. लंडनच्या उत्तर भागात हाय बार्नेट येथे पन्नाशीपुढच्या स्त्रियांची ‘न्यू ग्राउंड’ ही २५ घरांची वसाहत आहे. तिचा गट १९९८ मध्ये जमला आणि घरे ताब्यात यायला २०१६ उजाडले. अठरा वर्षे जमीन, परवानगी आणि पैसा यांच्यामागे धावणे सगळ्यांना झेपत नाही. ज्यांच्याकडे शिल्लक रक्कम आणि मोकळा वेळ दोन्ही आहे, तेच टिकून राहतात. परिणामी पुष्कळ वसाहतींत एकाच थरातली, एकाच शिक्षणाची माणसे भरतात. या कल्पनेवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

त्यावर उपाय शोधले गेले आहेत. डेन्मार्कमध्ये १९७८ च्या सुमारास टिंगगॉर्डन ही सुमारे ८० घरांची वसाहत भाड्याची सार्वजनिक घरे म्हणून उभारली गेली. वाँडकुन्स्टेन या वास्तुविशारद संस्थेने तिची घरे लहान गटांत विभागून प्रत्येक गटाला स्वतःचे सामाईक घर दिले. १९८१ मध्ये सहकारी घरबांधणीला वित्तपुरवठा सुलभ करणारा कायदा झाला आणि डॅनिश वसाहती वाढल्या. न्यू ग्राउंडमधली आठ घरे सामाजिक भाड्याची आहेत. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २०१३ मध्ये राहती झालेली ‘लाइलॅक’ ही २० घरांची वसाहत सदस्यांकडून त्यांच्या निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के घेते आणि घरे संस्थेच्या मालकीची ठेवते. सरकारचा किंवा सहकाराचा हात लागला तरच ही व्यवस्था सधनांपलीकडे जाते, याचे हे पुरावे आहेत.

काळाबरोबर वाढणारी एक अडचण वयाची आहे. एकाच वेळी तरुण कुटुंबे राहायला येतात, मुले एकाच वेळी मोठी होऊन निघून जातात आणि मागे एकाच वयाची माणसे उरतात. मग जड भांडी उचलायला, छपरावर चढायला हात कमी पडतात. घर विकले गेले की नवे कुटुंब पाळी आणि बैठका मान्य असलेलेच येईल याचीही खात्री नसते. म्हणून कित्येक वसाहती इच्छुकांची यादी ठेवतात आणि त्यांना आधी काही दिवस जेवायला बोलावतात.

महाराष्ट्राला सहकारी घरबांधणी नवी नाही. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ मधली. वांद्र्याची ‘साहित्य सहवास’ वसाहत लेखकांनी एकत्र येऊन उभारली. तिथे शेजार निवडलेला होता, चुली मात्र वेगळ्या राहिल्या. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली गटाला सोसायटी नोंदवून स्वतः बांधकाम करता येते. जुन्या इमारतींच्या स्वयंपुनर्विकासाला राज्य शासनाने २०१९ मध्ये सवलती जाहीर केल्या आहेत, आणि त्यात आराखडा रहिवाशांच्याच हाती असतो. पुनर्विकासात मिळणारे वाढीव चटईक्षेत्र मात्र बहुतेक ठिकाणी सदनिकांमध्येच वाटले जाते. स्वयंपुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी ती वाटणी करण्याआधी एक मोठे स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली नकाशात मागून पाहावी, आणि इमारत उभी राहण्याची वाट न पाहता आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी लावून, आत्ताच्या गच्चीवर एकत्र जेवायला सुरुवात करावी.